बत्तीस जणांचे स्वतःचे शब्द

"मी मेलो, आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही. दोन वेळा जेवतो, चार वेळा चहा पितो, आणि नात म्हणते मी गेल्या वर्षीच गेलो."

चौथीच्या वर्गात खिडकीशी स्टुलावर चढून म्हातारा शिंपी पडद्याचं माप घेत होता आणि पुटपुटत होता. पुटपुटणं खिडकीच्या चौकटीशी चाललं होतं, पण आवाज असा बेतून लावलेला होता की तो बरोबर टेबलापर्यंत पोचावा आणि पुढे जाऊ नये. मधल्या सुट्टीमुळे वर्ग रिकामा होता. टेबलाशी बसलेल्या बाईंनी ऐकू न आल्यासारखं करून वह्या तपासण्याचा वेग वाढवला.

"उंची साडेचार फूट," शिंपी चौकटीला म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या मानानं माप बरं येतंय."

"आजोबा, खाली उतरा बघू आधी. पडलात बिडलात तर..."

"तर काय होईल? दुसऱ्यांदा थोडाच मरणार आहे?"

आता ऐकू न येऊन चालणार नव्हतं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

हा शिंपी म्हणजे बटणचे आजोबा. बटण ही चौथीतली पहिल्या बाकावरची मुलगी. लहानखुरी, गोल, आणि कुठेही ठेवली तर घरंगळत भलतीकडे सापडणारी. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं, तिथेच ते सुखात होतं. आजोबांचं शिलाईचं दुकान शाळेसमोरच, आणि शाळेत गुरुवारी मोठी तपासणी व्हायची असल्यामुळे हेडसरांनी त्यांना पडद्यांसाठी बोलावलं होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या चौपन्न पायऱ्या चढून ते आले ते फक्त पडद्यांसाठी नव्हे, हे बाईंना ते दारात दिसताक्षणी कळलं होतं.

"काल संध्याकाळी," आजोबा स्टुलावरून उतरून टेप गळ्यात टाकत म्हणाले, "मी भिंतीशी बसून काज करतोय. आणि ही आमची ठेंगणी इकडून तिकडे फेऱ्या मारत पाठ करतेय. 'माझे आजोबा मागच्या वर्षी आम्हाला सोडून गेले. त्यांची आरामखुर्ची आजही रिकामी आहे.' सुनेच्या हातातलं पातेलं खाली पडलं, बाई. आमटीसकट."

"अहो, ते निबंधातले आजोबा."

"ती 'माझे' म्हणते. आणि आरामखुर्ची कुठली? आमच्याकडे मशीनचं स्टूल आहे. ते रिकामं असतं होय कधी!"

"आजोबा, वारलेले आजोबा हा फार चांगला विषय असतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं."

"माझ्याही आलं. मग तिला एखादा जिवंत आजोबा द्या की."

"जिवंत एकच होते," बाई म्हणाल्या. "ते तिसऱ्या बाकावरच्या मुलाला गेले."

"त्याचे आजोबा बरे असतात ना?"

बाईंनी वह्यांचा गठ्ठा सरळ केला. "त्याला नाहीत आजोबा."

शिंप्यानं बाईंकडे असं पाहिलं, जसं एखाद्यानं उलट्या बाजूनं शिवलेल्या कॉलरकडे पाहावं. मग टेप गळ्यातून काढून बोटांभोवती सावकाश गुंडाळत म्हणाला, "चाळीस वर्षं कपडे शिवतोय. माप न घेता एकदाच शिवले, मेव्हण्याचे. अजून बोलत नाही तो माझ्याशी. तुम्ही बत्तीस पोरांना माप न घेता कपडे घातलेत, आणि वर म्हणता अंगाला छान बसलेत."

"बरं बाबा. बदलते मी. गुरुवारी तुम्ही जिवंत असाल."

"शब्द?"

"शब्द," बाई म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं. शब्द देणं हा त्यांचा धंदाच होता. अठरा वर्षं त्या दुसरं काही करत नव्हत्या.

सगळ्या शाळेत त्यांना निबंधबाई म्हणत. त्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता, आणि डब्यात कागदाच्या पट्ट्या. पिवळ्या पट्टीवर सुरुवातीची वाक्यं, हिरव्या पट्टीवर मधली, गुलाबी पट्टीवर शेवटची. 'पहाटेची रम्य वेळ होती, पक्षी किलबिल करत होते' ही पिवळी. 'असा हा माझा मित्र मला फार फार आवडतो' ही गुलाबी. विषय गाय असो, घड्याळ असो, नाहीतर म्हातारी छत्री असो. मुलांनी डब्यातून तीन रंग उचलायचे, मधे विषयाचं नाव भरायचं, समासात रेघ मारायची, की निबंध झाला. शहरातल्या निबंधस्पर्धेत सलग अकरा वर्षं पहिलं बक्षीस चौथीलाच आलं होतं. अकरा ढाली हेडसरांच्या खोलीत भिंतीवर एका ओळीत टांगलेल्या होत्या, आणि बाराव्या ढालीचा खिळा आधीच मारून ठेवलेला होता.

डब्यातली मुलं मोठी झाली तरी डबा सोडत नसत. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पाणीखात्याला तक्रार केली होती ती अशी: 'पहाटेची रम्य वेळ होती. पक्षी किलबिल करत होते. आमच्या गल्लीतला मोठा पाइप फुटलेला होता. असा हा पाइप आम्हाला फार त्रास देतो.' साहेबांना अर्ज इतका आवडला की त्यांनी तो काचेखाली ठेवला. पाइप मात्र आठ महिने तसाच वाहत होता.

ही गोष्ट सांगून बाई स्वतः खूप हसत. हसून झाल्यावर मात्र त्यांना घोटभर पाणी लागत असे.

पालकांचं काहीच म्हणणं नव्हतं. उलट मागच्याच महिन्यात एक आई कोपऱ्यात गाठून हळूच म्हणाली होती, "बाई, आमच्या मुलीला यंदा जरा दुःखाचा द्या ना. दुःखाला मार्क जास्त पडतात म्हणे." मुलांना लिहिता येतं की नाही, हा प्रश्न शाळेत कुणी कधी विचारला नव्हता. मुलांचं लिहिलेलं फार सुंदर असतं, एवढंच सगळे म्हणत. या दोन गोष्टींमध्ये जी फट होती, तिच्यावरून सगळे जण पाय उचलून अलगद पलीकडे जात. जशी एखादी सैल फरशी घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते आणि दुरुस्त कुणीच करत नाही.

मग वरून परिपत्रक आलं.

हेडसरांनी ते सभेत तीनदा वाचून दाखवलं. मुलांनी आपले अनुभव आपल्याच शब्दांत, मोकळेपणानं लिहावेत. शिक्षकांनी वाक्यं देऊ नयेत. वर्गात मोकळं वातावरण असावं. महिन्याभरानं तपासणी, आणि लेख आगाऊ पाठवावेत.

"म्हणजे," हेडसर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "सगळ्यांचे स्वतःचे शब्द पंधरा दिवसांत माझ्या टेबलावर पाहिजेत. मी तपासतो, मग पुढे पाठवू. मोकळ्या वातावरणासाठी पडदे करून घेऊ."

सभेत कुणी हसलं नाही. बाईंना हसू आलं होतं, पण त्यांनी ते खोकल्यात काढलं.

कामं वाटली गेली. बत्तीस मुलांचे बत्तीस अनुभव बाईंनी लिहायचे. तिसरीच्या बाईंकडे चुका आल्या. कारण बिनचुकीचं लिखाण मुलांचं वाटत नाही, आणि वीस वर्षं वह्या तपासून कोणत्या वयाला कोणती चूक शोभते हे त्यांना तोंडपाठ होतं. "या मुलाला तीन पुरेत," त्या दर्दीपणानं म्हणत, "हा हुशार दाखवलाय ना तुम्ही?" खाडाखोडीची जबाबदारी पीटीच्या सरांनी मागून घेतली. चार दिवस मैदानावर कवायत चालली. "एक! शब्द लिहा! दोन! आडवी रेघ! तीन! वरती नवा शब्द! ए, मागच्या रांगेत, खाडाखोड नीट कर! घाण करू नकोस!"

बाई संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून बालपणं लिहीत. एकाला मांजर हरवायला लावलं, एकाला जत्रेत चुकवलं, चौघांना आजारी पाडलं, आणि बटणच्या वाट्याला मेलेले आजोबा आले. बाईंचा नवरा समोर भाजी निवडत ऐकत असे. "हा मुलगा नऊ वर्षांचा वाटत नाही," तो एकदा म्हणाला. "पेन्शनीत निघालेला वाटतो. 'आयुष्याच्या सायंकाळी' म्हणतोय."

"तुम्ही भाजी निवडा."

"निवडतोय. यातलं किडकं काय आणि चांगलं काय ते कळतं तरी."

बाई लिहीत राहिल्या, कारण त्यांचा जीव एका खुर्चीत अडकलेला होता. तपासणी चांगली झाली तर प्रशिक्षण केंद्रात लेखन-मार्गदर्शकाची जागा बाईंना मिळणार, असं हेडसरांनी दोनदा सुचवलं होतं. केंद्र तळमजल्यावर होतं. खुर्चीला चाकं होती. बाई एकदा तिच्यात बसूनही आल्या होत्या. बाईंच्या दोन्ही गुडघ्यांतून पायरीगणिक कुणीतरी चणे दळत असल्यासारखा आवाज येई, आणि नोकरीची अजून सहा वर्षं बाकी होती. चौपन्न पायऱ्या चढताना, चौपन्न उतरताना. असे सहा वर्षांचे चणे त्यांनी एकदा कागदावर मांडून पाहिले होते आणि कागद फाडून टाकला होता.

शिंप्याला शब्द दिला त्याच दिवशी, मंगळवारी, शाळा सुटल्यावर बाईंनी बटणला थांबवून घेतलं.

"बटण, तो आजोबांचा निबंध आपण बदलू या."

"दुसरे आजोबा मिळाले?" बटणनं आशेनं विचारलं.

"नाही ग. तुझेच. तू स्वतःच लिही. हा घे कागद."

बटणनं कागद घेतला. वर तारीख घातली. समासाची रेघ मारली, तिच्याखाली आणखी एक मारली. मधोमध 'माझे आजोबा' लिहिलं आणि त्याला नागमोडी अधोरेखन केलं. मग मान वर करून फळ्याकडे पाहत बसली. फळा कोरा होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खाली झाडणाऱ्या मावशींचा खराटा पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर आला.

"काय झालं?"

"पहिलं वाक्य द्या ना बाई."

"तूच लिही."

"कोणतं?"

"तुला वाटेल ते."

बटणनं विचार केला. वाटण्याचा प्रयत्न केला; तो तिच्या कपाळावर दिसला. "बाई, पिवळी पट्टी तरी द्या."

बाई उठून बटणच्या बाकावर, तिच्या शेजारी कशाबशा बसल्या. "बरं, लिहू नकोस. सांग नुसतं. काय करतात तुझे आजोबा?"

आणि बटणनं बूच काढल्यासारखी सुरुवात केली.

"आजोबा ना बाई, टाचण्या तोंडात धरतात. सात, आठ, एकदम. मग त्यांना बोलता येत नाही. म्हणून आजी तेव्हाच भांडते! बाहेर बसून वाट बघते, आजोबांनी टाचण्या तोंडात घातल्या की लगेच आत जाते, आणि सगळं बोलून घेते. आजोबा नुसतं 'हं हं' करतात. एकदा त्यांना इतका राग आला, इतका राग आला, की त्यांनी एकेक टाचणी काढून गादीत खोचली, आणि सगळ्या काढेपर्यंत काय बोलायचं तेच विसरले! आणि बसमध्ये ना, ते लोकांची मापं घेतात. डोळ्यांनी. मग माझ्या कानात सांगतात, 'छत्तीस, पोट धरून चाळीस.' एक काका उतरताना म्हणाले, 'काय बघताय हो?' तर आजोबा म्हणाले, 'तुमचा डावा खांदा उतरलाय. रोज पिशवी त्याच हातात धरता ना?' तर काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली बाई, आणि थँक्यू म्हणाले! आणि माझ्या फ्रॉकला ते आतून एक जादा घडी ठेवतात. मी वाढले की उसवतात. म्हणतात, 'ही तुझी पुढच्या वर्षीची उंची, मी आत लपवून ठेवलीय.'"

बाई टाचण्यांच्या वेळी हसल्या होत्या. चांगल्या डोळ्यांत पाणी येईस्तो हसल्या होत्या. घडीपाशी त्यांचं हसू थांबलं. अठरा वर्षांत डब्यात एवढ्या पट्ट्या जमल्या होत्या. त्यांतली एकही या घडीशेजारी ठेवावी अशी नव्हती.

"अग, हेच लिही!" त्या म्हणाल्या. "हेच. जसं सांगितलंस तसं."

बटण त्यांच्याकडे बघतच राहिली. "हे?"

"हो, हेच."

"हे कसं लिहायचं बाई?" ती समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली. "हे तर खरं आहे."

खराटा तिसऱ्या मजल्यावर आला होता. मावशी दारात डोकावल्या, बाईंचा चेहरा पाहून आवाज न करता परत गेल्या.

बाई तशाच जिना उतरून हेडसरांच्या खोलीत गेल्या. ढालींच्या ओळीखाली हेडसर चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट मोडून आत पडलं तशी त्यांनी बाईंकडे दोष दिल्यासारखं पाहिलं.

"सर, एक निबंध बदलायचा आहे. बटणचा."

"बदलायचा? बाई, फाइल शनिवारीच वर गेली. बांधून. तपासणीच्या मॅडमनी वाचलीसुद्धा. फोन आला होता मला. म्हणाल्या, त्या आजोबांच्या निबंधानं मला रडवलं. तोच निबंध त्या मुलीच्या तोंडून ऐकायचाय म्हणाल्या."

"आजोबा जिवंत आहेत, सर. समोर दुकान आहे त्यांचं. तुमचे पडदे शिवतायत."

"मग चांगलंच आहे की. दीर्घायुष्य लाभो त्यांना." हेडसर चमच्यानं बिस्किट शोधू लागले. "बाई, तासाभराचा प्रश्न आहे. अकरा ते बारा मेलेले राहू द्या त्यांना. बाराला पुन्हा जिवंत. त्यांचं काय जातं?"

"मी शब्द दिलाय."

"आणि मी त्या खुर्चीसाठी तुमच्याबद्दल काय काय शब्द दिलेत ते तुम्हाला ठाऊक नाही." आवाज मऊ होता. "आपण दोघं जुनी माणसं. काही गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, बाई. सगळं छान चाललंय. छान चाललंय ना?"

बाईंनी तोंड उघडलं. तोंडात टाचण्या असाव्यात तसं त्यांनी ते पुन्हा मिटलं. "हं," त्या म्हणाल्या.

बुधवारी त्यांनी बटणला सांगितलं, आधीचंच वाचायचं.

"मग आजोबांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस." आणि त्या लगबगीनं फळा पुसू लागल्या, जरी फळ्यावर काही नव्हतं.

गुरुवारी अकराला मॅडम आल्या. उंच, दमलेल्या, हातात कागदाचं पॅड आणि खांद्याला जड पिशवी. त्या दिवसातली ही त्यांची तिसरी शाळा होती. चौपन्न पायऱ्यांनी त्यांनाही घाम आला होता, आणि त्यामुळे बाईंना त्या क्षणभर आवडल्या. पॅडवर छापील तक्ता होता. त्यातल्या काही ओळी आधीच भरलेल्या बाईंना उलट्या बाजूनं दिसल्या. 'मुलांचे लेखन उत्स्फूर्त व हृदयस्पर्शी.' शाई वाळलेली होती. बाईंना वाटलं, यांच्याकडेही कुठेतरी एक डबा असणार.

खिडकीला दोन नवे पडदे लागले होते, तिसरा यायचा होता. मुलं तेल लावून बसवल्यासारखी बसली होती. एकामागून एक उठली आणि आपापले अनुभव न अडखळता अनुभवून बसली. मांजर हरवलं, जत्रा झाली. तिसऱ्या बाकावरच्या मुलानं आपल्या नसलेल्या आजोबांबरोबर पतंग उडवला, आणि गंमत म्हणजे तो वाचताना थोडा खरंच रमला. भिंतीशी तिसरीच्या बाई ओठ हलवत होत्या. पीटीचे सर प्रत्येक खाडाखोडीला मान डोलवत होते. मॅडम प्रत्येक वेळी "वा" म्हणत आणि एका चौकोनात खूण करत.

"आणि ती आजोबांची मुलगी कुठेय?" त्यांनी विचारलं.

बटण उभी राहिली. अंगावर नवा फ्रॉक होता. कागद दोन्ही हातांत धरून तिनं सुरू केलं. "माझे आजोबा मागच्या वर्षी आम्हाला सोडून गेले." इथे थांबायचं, श्वास घ्यायचा, असं कागदावर बाईंनीच लाल पेनानं लिहून दिलेलं होतं. ती थांबली. श्वास घेतला. "त्यांची आरामखुर्ची आजही रिकामी आहे."

शेवटच्या ओळीपर्यंत मॅडमनी चष्मा काढला होता. रडू खरं होतं, एवढं बाईंना मान्य करावं लागलं. त्यांचेही कुणीतरी गेले असतील. आणि गेलेल्या माणसाला काय कळतं, वाक्य कुणाचं होतं.

"बाळा," मॅडम घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आपण सगळे तुझ्या आजोबांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या."

हेडसर ताडकन उठले. बाक करकरले, बत्तीस मुलं उभी राहिली, बत्तीस माना खाली गेल्या. बाईंनीही मान घातली आणि फरशीवरचा शाईचा डाग पाहत राहिल्या.

अर्धं मिनिट झालं असेल. जिन्यात पावलं वाजली, थांबत थांबत, धापा टाकत. मागच्या दारात बटणचे आजोबा उभे राहिले. हातावर इस्त्री केलेला तिसरा पडदा. त्यांनी वर्ग पाहिला. सगळे माना घालून उभे. कुणीतरी गेलंय, एवढं शहाण्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. त्यांनी पडदा हलकेच शेवटच्या बाकावर ठेवला, टोपी काढली, आणि तेही मान घालून उभे राहिले. मन लावून. मधे एकदा त्यांनी डोळेही मिटले.

बाईंनी हे सगळं तिरक्या नजरेनं पाहिलं.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

बसण्याच्या खडखडाटात आजोबांनी वाकून शेजारच्या मुलाला विचारलं, "कोण गेलं रे, बाळा?"

मुलगा शिस्तीचा होता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उभं राहून, मोठ्यानं, पूर्ण वाक्यात द्यायचं हे त्याला चौथीत नीट शिकवलेलं होतं.

"तुम्ही गेलात," तो म्हणाला.

वर्गात सुई पडली असती तर ऐकू आली असती. सुयांचा माणूस उभाच होता. त्यानं एकदा बटणकडे पाहिलं. मग बाईंकडे. रागानं नाही, राग असता तर बाईंना तो सोसला असता. उतरलेल्या खांद्याकडे पाहावं तसं त्यानं बाईंकडे पाहिलं.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"पडदेवाले," हेडसर घाईनं म्हणाले. "म्हणजे... हेही आजोबाच. दुसरे. आईचे वडील. गेले ते वडिलांचे वडील." त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब ओळीनं आले, ढालींसारखे.

बटणचे ओठ थरथरायला लागले. कागदावर आता पुढचं वाक्य नव्हतं. तिनं बाईंकडे पाहिलं; आणि तिच्यामागे एकेक करत सगळ्या वर्गानं बाईंकडे पाहिलं, जसं रोज फळ्याकडे पाहत. पहिलं वाक्य द्या ना बाई.

नातीचा चेहरा आजोबांनीही पाहिला. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि घसा साफ केला.

"हो," ते मॅडमना म्हणाले. "मी दुसरा. तो गेला तो पहिला. भला माणूस होता हो. शिलाईत हात चांगला होता त्याचा." थोडं थांबून, लाल पेनानं सांगितल्यासारखा श्वास घेऊन, ते पुढे म्हणाले, "आरामखुर्चीत बसायचा."

मॅडमनी मान हलवली आणि त्या पॅडकडे वळल्या. त्यांनी ओळखलं की नाही, कोण जाणे. त्यांच्या पेनाचं टोक कागदावर क्षणभर थांबलं होतं, एवढं बाईंनी पाहिलं. मग ते खाली टेकलं. "छान चाललंय," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "सगळं छान चाललंय. शेवटचा एकच रकाना. शिक्षकांनी वाक्यं दिली का? आपण 'नाही' लिहू या ना, बाई?"

हेडसर बाईंकडे पाहून मान हलवत होते, वरून खाली, खालून वर, चाकांच्या खुर्चीवर बसवत असल्यासारखी. तिसरीच्या बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. आजोबा बाकावरचा पडदा उचलून त्याची मुळात नसलेली चुणी बोटांनी सरळ करत होते.

बाई टेबलाला धरून उठल्या. गुडघे मोठ्यानं वाजले. कपाटातून त्यांनी बिस्किटांचा डबा काढला आणि मॅडमच्या पॅडवर, त्या रकान्याच्या बरोबर वर, ठेवला.

"मॅडम, हिचे आजोबा हेच. दुसरे कुणी नाहीत. यांना मी मारलं, जेवणाच्या टेबलावर. मांजरही मीच हरवलं. बत्तीसच्या बत्तीस मीच लिहिलेत, खाडाखोडीसकट."

"बाई," हेडसर कुजबुजले, "बसा हो. बसा खाली."

"बसते, सर. एवढं सांगून बसते." बाईंनी वर्गाकडे पाहिलं, बटणकडे, तिच्या फ्रॉकच्या खालच्या कडेकडे, जिथे पुढच्या वर्षीची उंची आत घडी घालून ठेवलेली होती. "मॅडम, या वर्गात कुणालाही लिहिता येत नाही. माझ्यासकट."